सरकारी ऑफिस काम करायला चांगलं कधी ठरतं? खान्देशातून येणारे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारमधली परीक्षा देणारी, नुकतीच रुजू झालेली आणि रुजू होऊन वैतागलेली मुलं-मुली जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. भरती कधी निघणार, कट-ऑफ कितीवर जाईल, हे यात नाही. नोकरी लागल्यावरची तीसेक वर्षं ज्या ऑफिसात काढायची ते कसं असावं, याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून हा खटाटोप. उत्तरं राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना धरून आहेत. रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र यांच्यासाठी प्रश्न १३ बघा.

१. सरकारी नोकरी चांगली म्हणतात ती कशामुळे? पगार, पेन्शन की सुट्ट्या?

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या सगळीकडे सारख्याच मिळतात. एकाच वेतनस्तरावरचे दोन महसूल सहायक घ्या. एक समाधानानं काम करतो, दुसरा वर्षभर बदलीच्या मागे असतो. दोघांचा पगार तोच, रजाही त्याच. फरक ऑफिसात असतो.

माझं मत सरळ आहे. जिथे नियम शिपायापासून साहेबापर्यंत सारखा लागतो, जिथे हातात घेतलेलं काम संपतं आणि चूक झाली तर वरिष्ठ खालच्या माणसाला एकटं सोडत नाही, ते ऑफिस चांगलं. इमारत जुनी कौलारू असली तरी चालेल. उलट नवीकोरी प्रशासकीय इमारत, काचेची दारं, आणि आत कुणी कुणाला विचारत नाही, अशीही ऑफिसं आहेत. तिथली माणसं दहा वर्षांत थकून जातात.

२. रुजू होण्याआधी ऑफिस कसं आहे ते कळतं का?

बरंच कळतं. कामकाजाच्या दिवशी दुपारी साधा अर्जदार म्हणून जा. आवक टेबलावर अर्ज द्या आणि पोच मागा. शिक्का-सही करून पोच लगेच हातात आली तर त्या ऑफिसात नोंदी वेळेवर होतात असं समजा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे कोणती सेवा किती दिवसांत आणि कोण देणार, हे दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. तो फलक आहे का, आणि त्यावर बदलून गेलेल्या साहेबाचंच नाव अजून आहे का, तेवढं बघा.

मग पाणी बघा. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दिवसांत प्यायचं थंड पाणी कर्मचाऱ्यांच्या खोलीतही आहे आणि बाहेर बाकावर बसलेल्या शेतकऱ्यालाही मिळतं, असं असेल तर तिथला ऑफिसप्रमुख माणसांचा विचार करणारा आहे. महिलांचं स्वच्छतागृह कुलूपबंद आहे का, किल्ली कुणाकडे असते, हेही विचारून घ्या. २०२५ च्या सुरुवातीला राज्य शासनानं १०० दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम घेतला, त्यात स्वच्छता, सुविधा आणि तक्रार निवारण हेही मुद्दे होते. मोहीम संपल्यावर त्यातलं किती टिकलं, हे बघितलं की ऑफिसची खरी प्रकृती कळते.

३. साहेब बदलला की ऑफिस बदलतं. मग ‘चांगलं ऑफिस’ असं काही असतं का?

असतं, पण साहेबाच्या स्वभावावर उभं राहिलेलं चांगलेपण त्याच्या बदलीबरोबर निघून जातं. पद्धतीवर उभं असेल तर राहतं. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अभिलेख लावणं, टेबलांची मांडणी, लोकांना उत्तर देण्याची रीत, सगळं बदललं. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव आजही महसूल खात्यात घेतलं जातं, कारण तिथे बदल एका माणसाच्या हुकमापुरता न राहता कामाच्या रीतीत उतरला होता.

सहा गठ्ठ्यांची पद्धत हे रोजच्या वापरातलं उदाहरण. प्रत्येक लिपिकाच्या टेबलाचे कागद सहा गठ्ठ्यांत लागतात. पहिल्यात स्वतःकडे प्रलंबित असलेली प्रकरणं, दुसऱ्यात दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट बघणारी, तिसऱ्यात नियतकालिकं (ठरावीक मुदतीनं पाठवायचे अहवाल), चौथ्यात स्थायी आदेश, पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची आणि सहाव्यात नष्ट करायची ‘ड’ वर्गाची कागदपत्रं. कुणी म्हणेल, कागद लावण्यात काय एवढं? पण आजारी पडून आठवडाभर रजेवर गेलात आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी दुसरा गठ्ठा उघडून तुमच्या वतीनं स्मरणपत्र पाठवलं, की ही पद्धत काय देते ते कळतं. जिथे कागद फक्त एका माणसाच्या डोक्यात असतात, तिथे त्या माणसाला धड रजाही घेता येत नाही.

म्हणून नवीन ऑफिसात गेलात की पहिल्या आठवड्यात आपलं टेबल सहा गठ्ठ्यांत लावा, कुणी सांगो न सांगो. कार्यविवरण नोंदवही रोज लिहा. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यातच (प्रश्न ७) कोणतीही नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं म्हटलं आहे. नोंदवही लिहिलेली असेल तर ही तरतूद तुमच्या बाजूनं उभी राहते, नसेल तर तीच विरोधात जाते.

४. पाच दिवसांचा आठवडा सगळ्यांना आहे का? रजा किती मिळतात?

सगळ्यांना नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्याच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्या बदल्यात वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५ अशी वाढली. पोलीस, रुग्णालयं, शाळा अशा सेवा त्यातून वगळल्या आहेत.

नैमित्तिक रजा वर्षाला ८. अर्जित रजा वर्षाला ३०, जानेवारी आणि जुलैत पंधरा-पंधरा जमा होतात. साठवता येतात ३०० पर्यंत, आणि शिल्लक राहिलेल्यांचे निवृत्तीच्या वेळी पैसे मिळतात. अर्धवेतनी रजा वर्षाला २०. कागदावर हे उत्तम आहे. खरा प्रश्न रजा मंजूर होण्याचा. बहिणीच्या लग्नाला चार दिवस मागताना जिथे हात जोडावे लागतात, तिथे खात्यावर ३०० दिवस साठले तरी काय उपयोग?

५. आता पेन्शन आहे की नाही? घरी सगळे वेगवेगळं सांगतात.

तारीख बघा. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू नाही, त्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आहे. तीत मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचारी भरतो, १४ टक्के शासन. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तो याचसाठी. नंतर २०२४ मध्ये राज्यानं सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आणि केंद्राच्या धर्तीवरची एकीकृत योजना असे पर्याय पुढे आणले. पर्याय निवडताना शेजाऱ्यानं काय निवडलं ते बघू नका. आपलं वय, उरलेली सेवा आणि घरातलं दुसरं उत्पन्न यांचा हिशेब आस्थापना शाखेत बसून मांडा.

एक अपवाद खूप जणांच्या लक्षात येत नाही. नेमणूक नोव्हेंबर २००५ नंतरची, पण भरतीची जाहिरात त्याआधीची असेल, तर जुन्या पेन्शनचा एकवेळचा पर्याय देण्याचा निर्णय २०२४ च्या सुरुवातीला झाला.

६. पहिलीच नेमणूक धडगाव किंवा अक्कलकुव्याला मिळाली. घरचे म्हणतात, “तठे काय शे?” जाऊ का?

जा. हे मी मनापासून सांगतो, आणि अडचणी झाकून सांगत नाही.

अडचणी आधी. तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैली घाट पावसाळ्यात दरड कोसळली की बंद होतो. मोबाइलला रेंज सगळीकडे नसते. नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे बोटीनंच जावं लागतं. राहायला खोली मिळणं कठीण, आणि मुख्यालयी न राहणाऱ्यांबद्दल तक्रारी होतात त्या बऱ्याचदा खऱ्या असतात.

आता मिळतं काय. आदिवासी क्षेत्रात काम करत असेपर्यंत एकस्तर (म्हणजे एक स्तर वरची) वेतनश्रेणी मिळते, ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाप्रमाणे. प्रोत्साहन भत्ता वेगळा. जिल्हा परिषद शिक्षकांना अवघड क्षेत्रातली तीन वर्षांची सेवा पुढच्या बदलीत हक्क मिळवून देते. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथे तुमच्या कामाचा परिणाम डोळ्यांदेखत दिसतो. जळगावच्या मोठ्या ऑफिसात तुमची सही साखळीतली सातवी असते. धडगावात जातीच्या दाखल्याचं प्रकरण तुम्ही वेळेत पुढे पाठवलं म्हणून एका मुलीचा वसतिगृहातला प्रवेश वाचतो, आणि तिचा बाप पुढच्या बाजारी येऊन ते सांगून जातो.

तिथे चांगलं काम करायचं तर तिथलं वेळापत्रक शिकावं लागतं. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तेव्हा पाड्यावर सर्वेक्षणाला गेलात तर कुलपंच मोजून याल. होळीला सगळी परत येतात. काठीची होळी, भोंगऱ्या बाजार, हे तिथले मोठे सण. ज्या ऑफिसप्रमुखाला हे ठाऊक असतं तो लसीकरण आणि दाखल्यांची शिबिरं त्या दिवसांच्या आगेमागे लावतो, आणि त्याचे कर्मचारी निम्म्या पायपिटीत दुप्पट काम करून येतात. ज्याला ठाऊक नसतं तो जानेवारीत उद्दिष्ट का पूर्ण झालं नाही म्हणून नोटिसा काढतो.

भाषेचं म्हणाल तर अहिराणीनं तिथे भागत नाही. पावरी, भिली, खाली नवापूरकडे मावची. शंभरेक शब्द पहिल्या दोन महिन्यांत शिकून घ्या. अंगणवाडी ताई आणि कोतवाल हे तुमचे पहिले गुरू.

नंदुरबार जिल्ह्यात सरकारी यंत्रणा काय करू शकते हे कोरोनाकाळात दिसलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, मूळचे साक्री तालुक्यातले सामोड्याचे, यांनी दुसरी लाट येण्याआधीच ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभे करायला घेतले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठी शहरं ऑक्सिजनसाठी तडफडत असताना हा जिल्हा सावरलेला होता. त्या यंत्रणेत लिपिक होते, औषधनिर्माते होते, वाहनचालक होते. आपलं काम कशासाठी आहे हे ज्या ऑफिसात खालच्या माणसालाही माहीत असतं, तिथे काम करण्याची गोष्टच वेगळी.

७. बदली किती वर्षांनी होते? वशिल्याशिवाय होते का?

राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका पदाचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं. मंत्रालयाबाहेरच्या गट ‘क’ कर्मचाऱ्यांना एका कार्यालयात असे दोन कालावधी, म्हणजे सहा वर्षं मिळू शकतात. बदल्या एप्रिल-मे मध्ये व्हायला हव्यात, आणि मुदतीआधी किंवा मध्येच करायची तर कारणं लेखी नोंदवून सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यायची.

वशिला चालतो हे नाकारून उपयोग नाही. पण समुपदेशनानं, सगळ्यांसमोर रिक्त जागा दाखवून बदल्या करणाऱ्या ऑफिसांत वातावरण एकदम निवळतं. मनासारखी जागा न मिळालेला माणूससुद्धा आपल्या वरच्या ज्येष्ठानं ती घेतली हे डोळ्यांनी बघतो, त्यामुळे मनात किल्मिष राहत नाही. शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्यांबद्दल कितीही कुरबुरी असल्या तरी त्यांनी पुढाऱ्यांच्या घरचे हेलपाटे कमी केले, हे मान्य करायला हवं.

अन्याय झाला तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते छत्रपती संभाजीनगरला. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचं बदली धोरण वेगळं आहे आणि त्यांची दादही मॅटमध्ये लागत नाही, विभागीय आयुक्त आणि पुढे उच्च न्यायालय असा तो रस्ता आहे.

८. नवरा-बायको दोघंही नोकरीत, एक शिरपूरला आणि एक रावेरला. काही तरतूद?

पती-पत्नी एकत्रीकरण हे बदलीसाठी मान्य कारण आहे, शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्यांत तर त्याचा स्वतंत्र संवर्गच आहे. पण शिरपूर धुळे जिल्ह्यात, रावेर जळगावात. दोघांचं पद जिल्हा संवर्गाचं असेल तर साधी बदली न होता आंतरजिल्हा बदली लागते, आणि नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता खाली जाते. हे समजून अर्ज करा.

९. वीस वर्षं एकाच पदावर बसलेले लोक दिसतात. प्रमोशन नसेल तर काय राम राहिला?

पदोन्नतीच्या जागा कमी आहेत हे खरं. म्हणून सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आहे. ठरावीक वेतनस्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरचा वेतनस्तर मिळतो. पद तेच राहतं, पगार वाढतो.

तो वेळेवर मिळायचा तर सेवापुस्तक नीट हवं. स्थायित्वाचा आदेश, विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद, एमएस-सीआयटी, वार्षिक वेतनवाढीवरची सही, रजेचा हिशेब. यातली एक नोंद राहिली की दहा वर्षांनंतर फाइल तीन ऑफिसांत फिरते, आणि तोवर तुमचा तेव्हाचा आस्थापना लिपिक निवृत्त झालेला असतो. दुय्यम सेवापुस्तक स्वतःकडे ठेवा आणि दरवर्षी नोंदी ताडून घ्या. जे ऑफिस वर्षातून एकदा सगळ्यांना बोलावून सेवापुस्तकं दाखवतं, ते आपल्या माणसांची किंमत जाणतं. तुमच्या ऑफिसात अशी प्रथा नसेल तर लेखी मागणी करा.

१०. महिलांना सरकारी ऑफिस खरंच सुरक्षित असतं का?

तरतुदी भक्कम आहेत. प्रसूती रजा १८० दिवस, शिवाय २०१८ पासून संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती हवीच, अध्यक्ष महिला आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची.

पण समिती कागदावर आहे की खरी, हे एका प्रश्नात कळतं. अध्यक्षांचं नाव ऑफिसातल्या चार जणींना विचारा. सांगता आलं नाही तर समिती कागदावरच आहे. फिरतीच्या पदांवर, म्हणजे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेविका यांना सर्वांत मोठी अडचण सजा (तलाठ्याकडचा गावांचा गट) किंवा उपकेंद्राच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसण्याची आहे. पुरुष सहकाऱ्यांनीही ही मागणी मासिक बैठकीत लावून धरली पाहिजे. ती एकट्या ताईंनी का मांडावी?

११. निवडणूक, पंचनामे, भर उन्हात ड्यूटी. नाही म्हणता येतं का?

निवडणुकीला नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक आठवा. जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी, धुळ्याचं २० मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. गंभीर आजार, गरोदरपण, तान्हं मूल अशा कारणांसाठी पुराव्यानिशी अर्ज करता येतो. केळीबागा वादळानं झोपल्या की रावेर-यावलकडे पंचनाम्यांचंही असंच, ते टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. चांगला तहसीलदार पंचनामे पहाटे सुरू करून अकरापर्यंत आटोपायला लावतो, गाडीत पाण्याचा जार आणि ओआरएस ठेवतो आणि दुपारी नोंदी करून घेतो.

१२. वरिष्ठ तोंडी सांगतात, “करून टाक, मी बघतो.” काम नियमात बसत नाही. काय करू?

तोंडी आदेशाची लेखी खातरजमा मागणं हा उद्धटपणा होत नाही. वर्तणूक नियम १९७९ मध्येच तशी अपेक्षा आहे. वाद घालू नका. टिप्पणीत नियम लिहा, “सदर प्रकरणी अमुक तरतूद लक्षात घेता आदेशार्थ सादर” असं म्हणा आणि नस्ती वर पाठवा. सही ज्याची, जबाबदारी त्याची. बहुतेक वेळा अशी नस्ती वरून परतते आणि विषय तिथेच संपतो.

पैशांची भानगड असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक कर्मचाऱ्यालाही खुला आहे. प्रामाणिक माणसाला एकटं पाडणाऱ्या ऑफिसात फार काळ राहू नका. बाहेर पडायची रीत प्रश्न १५ मध्ये आहे.

१३. रेल्वे, ऑर्डनन्स, दीपनगर, विद्यापीठ, कंत्राटी पदं. यांना हेच लागू का?

नाही, प्रत्येकाचं वेगळं. भुसावळ रेल्वे विभागात केंद्राचे नियम, निवृत्ती ६० व्या वर्षी. राज्यात ती साधारण ५८ ला, गट ‘ड’ ला ६०. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत गेल्या. आधीच्या कामगारांना प्रतिनियुक्तीवर मानलं आहे, पण नवीन भरतीच्या अटी जाहिरातीत बारकाईनं वाचा. दीपनगर महानिर्मिती कंपनीचं, तिचे सेवा विनियम स्वतःचे. विद्यापीठाला विद्यापीठ कायदा लागतो.

कंत्राटी नोकरी सरकारी इमारतीत असली तरी वरचं बहुतेक काही तिला लागू होत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कितीतरी परिचारिका कायम कर्मचाऱ्याएवढंच काम करतात, रजा आणि वेतन मात्र कराराप्रमाणे. हा अन्याय आहे, आणि शेजारच्या टेबलावरच्या कायम माणसानं निदान चहाच्या वेळी त्यांना वेगळं बसवू नये. शिक्षणसेवकाचा प्रकार मधला: निवड नियमित, पण पहिली तीन वर्षं मानधन, प्राथमिकला २०२३ पासून महिना १६,०००. अंगणवाडी ताई मानधनी असल्या तरी त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये म्हटलं आहे.

१४. नोकरीत असताना घरची शेती, दुकान, क्लास चालतो का?

वडिलोपार्जित शेती असायला हरकत नाही. खान्देशात निम्म्या कर्मचाऱ्यांच्या सातबाऱ्यावर केळी नाहीतर कापूस आहे. मत्ता आणि दायित्वाच्या (मालमत्ता आणि कर्जाच्या) विवरणात ती दाखवा. स्वतःच्या नावे दुकान, एजन्सी किंवा पैसे घेऊन क्लास परवानगीशिवाय चालत नाही. बायकोच्या नावे ठिबकची डीलरशिप असेल तर तीही शासनाला कळवावी लागते. इथेच बरेच जण अडकतात, कारण “माझ्या नावावर नाही ना” असं समजून गप्प बसतात.

१५. ऑफिस फारच वाईट निघालं. दुसरी पोस्ट मिळाली तर सरळ राजीनामा देऊ का?

सरळ देऊ नका. साध्या राजीनाम्यानं आधीची सगळी सेवा जाते. दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरतानाच कार्यालयाला कळवा किंवा परवानगी घ्या, त्याची पोच जपून ठेवा. निवड झाली की नवीन पदावर रुजू होण्यासाठी म्हणून तांत्रिक राजीनामा द्या आणि पत्रात तसं स्पष्ट लिहा. मग वेतन संरक्षण आणि आधीची सेवा जोडून मिळण्याचा दावा करता येतो. स्थायी असाल तर जुन्या पदावर धारणाधिकार (परत येण्याचा हक्क) ठेवण्याची मागणी त्याच पत्रात करा. परवानगी न घेता अर्ज भरला असेल तर निकाल लागायच्या आत आस्थापना शाखेला लेखी कळवून टाका. कार्यमुक्तीचा आदेश हातात आल्याशिवाय नव्या ठिकाणी हजर होऊ नका.